पूरक आज्ञावली उघडत नाही तेव्हा : हिशेबाच्या संगणकातील एक नित्याची अडचण आणि तिचे निवारण

गणेशोत्सवापूर्वीच्या काही महिन्यांत पेण शहरातील आणि तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांमध्ये पाऊल ठेवावयास जागा नसते. एका बाजूस कच्च्या मूर्ती वाळत असतात, दुसऱ्या बाजूस रंगकाम चाललेले असते आणि एखाद्या कोपऱ्यातील टेबलावर संगणकातून मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांची बिले निघत असतात. पलीकडे रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रात रासायनिक कारखान्यांचे भांडार-हिशेब आणि प्रयोगशाळांचे तक्ते संगणकावर ठेवले जातात. गावोगावच्या ग्रामपंचायतींतून विकासकामांची देयके संगणकामार्फतच अदा होतात आणि शाळांतून निकालपत्रकेही संगणकावरच तयार होतात. व्यवसाय निरनिराळे असले, तरी टेबलावरील साधन एकच आहे, आणि म्हणून त्या साधनाची दुखणीही बहुधा सारखीच आहेत.

अशाच एका दुखण्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेला संगणक सकाळी सुरू करताच ‘लायब्ररी लोड होऊ शकली नाही’ किंवा ‘निर्दिष्ट मोड्यूल सापडले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर झळकतो. बिलावर जेथे ‘अक्षरी रुपये बारा हजार पाचशे फक्त’ असे छापून यावयास हवे, तेथे ‘#नेम?’ असे चमत्कारिक अक्षर उमटते. मालाचा टेम्पो दारात उभा असतो किंवा मार्चअखेरीचा दिवस मावळत असतो आणि काम मात्र ठप्प होते. अशा वेळी कोणी यंत्रदुरुस्ती करणाऱ्यास बोलावून त्याची वाट पाहत बसतो, तर कोणी घाईने इंटरनेटवरून ‘हरवलेली’ फाईल शोधून आणतो. पहिल्या उपायात वेळ जातो. दुसऱ्यात सर्व हिशेबच धोक्यात येऊ शकतो. वास्तविक या अडचणीचे कारण क्रमाने शोधल्यास ते बहुतेक वेळा कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाच सापडू शकते. त्यासाठी प्रथम हा प्रकार काय आहे, हे समजून घेतले पाहिजे.

पूरक आज्ञावली म्हणजे काय?

एक्सेलसारखी तक्त्यांची आज्ञावली किंवा हिशेब ठेवण्याची कोणतीही प्रणाली सर्वांना लागणारी सामान्य कामे करते. एखाद्या विशिष्ट व्यवसायास लागणारे खास काम तिच्यात नसेल, तर ते करणारी छोटी आज्ञावली तिला बाहेरून जोडता येते. या जोडणीस ‘ॲड-इन’ किंवा ‘ॲड-ऑन’ म्हणतात. आपण तिला पूरक आज्ञावली म्हणू. अशा आज्ञावलीचे प्रत्यक्ष काम ज्या फाईलीत साठविलेले असते, तिला संगणकाच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ असे नाव आहे. ग्रंथालयातील पुस्तक जसे गरज पडेल तेव्हा काढून वाचले जाते, तशी ही फाईल मुख्य आज्ञावली गरजेच्या वेळी उघडते. विंडोज प्रणालीत अशा फाईलींच्या नावाअखेरीस बहुधा ‘डीएलएल’ ही अक्षरे असतात.

पेणच्या वाचकांना हे लवकर ध्यानात येईल. मूर्ती घडविणारे, रंग देणारे आणि डोळ्यांची आखणी करणारे कारागीर पुष्कळदा वेगवेगळे असतात. आखणी करणारा कारागीर ऐन वेळी येतो आणि आपले नाजूक काम करून जातो. तो येण्यासाठी त्याचा पत्ता ठाऊक हवा, कारखान्याच्या दारातून त्यास आत सोडले पाहिजे आणि त्याचे कुंचले व रंग त्याच्याजवळ असले पाहिजेत. यांपैकी एकही गोष्ट चुकली, तर मूर्ती तशीच राहते. पूरक आज्ञावलीचेही नेमके असेच आहे.

एक्सेलमध्ये अशा आज्ञावली मुख्यतः तीन प्रकारच्या आढळतात. पहिला प्रकार ‘एक्सएलएएम’ फाईलींचा. या मॅक्रोंच्या साहाय्याने लिहिलेल्या असतात. दुसरा ‘एक्सएलएल’ फाईलींचा. या खऱ्या अर्थाने डीएलएलच असतात. तिसरा ‘कॉम ॲड-इन’ या नावाने ओळखला जातो व त्याची नोंद विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे ‘रजिस्ट्री’त, करावी लागते. एक्सेलबरोबर येणारे ‘सॉल्व्हर’ आणि ‘ॲनालिसिस टूलपॅक’ ही याच जातीची उदाहरणे होत. पैकी दुसऱ्याचा उपयोग गुणांचे सांख्यिकी विश्लेषण करणाऱ्या शिक्षकांनाही होतो.

आपल्याकडे पूरक आज्ञावली का लागते, याचे एक बोलके उदाहरण देता येईल. थायलंडच्या ‘बात’ या चलनातील रक्कम थाई अक्षरांत लिहून देणारे सूत्र एक्सेलमध्ये मुळातच आहे. रुपयांची रक्कम अक्षरी लिहिणारे सूत्र मात्र नाही. त्यातून मराठीत शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येस स्वतंत्र नाव आहे आणि लाख-कोटींची मांडणी पाश्चात्त्य पद्धतीहून निराळी आहे. त्यामुळे ‘अक्षरी रुपये’ छापण्यासाठी अनेक दुकाने, कारखाने आणि कार्यालये कोणाकडून तरी करून घेतलेली पूरक आज्ञावली वापरतात. ती उघडली नाही म्हणजे एक्सेलला त्या सूत्राचे नावच ओळखता येत नाही आणि ‘#नेम?’ असे उत्तर येते. अशा वेळी बिलातील आकडे बिघडलेले नसतात. ते अक्षरांत लिहून देणारा सहायक तेवढा हजर नसतो.

टॅली या हिशेब प्रणालीतही बिलाचा खास नमुना किंवा अधिक नोंदी यांसाठी ‘टीडीएल’ या भाषेत लिहिलेल्या पूरक फाईली जोडतात. टॅलीप्राइम ही आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. मुख्य प्रणाली बदलली आणि पूरक फाईल मात्र जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली राहिली, तर तेथेही असाच अडथळा येऊ शकतो.

संदेशाचा खरा अर्थ

या दुखण्यात सर्वांत अधिक दिशाभूल होते ती संगणकाच्या संदेशामुळे. ‘मोड्यूल सापडले नाही’ असे वाचून फाईल हरवली असा समज होतो. पण बहुधा ती आपल्या जागीच असते. विंडोज अशा वेळी संदेशाबरोबर एक क्रमांकही पुष्कळदा देते आणि तो क्रमांक शब्दांपेक्षा अधिक उपयोगी असतो.

क्रमांक १२६ असेल, तर मागितलेली फाईल नाही, किंवा ती आहे परंतु तिला लागणारी दुसरी फाईल नाही, असे समजावे. आखणी करणारा कारागीर आला, पण कुंचल्यांची पिशवी घरी राहिली, असा हा प्रकार. क्रमांक १२७ चा अर्थ असा की, फाईल उघडली, पण तिच्यात अपेक्षित काम लिहिलेले नाही. म्हणजे दोन आवृत्त्यांचा मेळ बसत नाही. क्रमांक १९३ चा अर्थ, फाईल या जातीच्या आज्ञावलीत चालणारी नाही. हा बहुधा ३२ बिट आणि ६४ बिट यांच्यातील विसंगतीचा परिणाम असतो. एक्सेलमध्ये हीच विसंगती ‘फाईलीचा प्रकार आणि तिच्या नावाची अखेर जुळत नाही, फाईल बिघडलेली किंवा असुरक्षित असू शकते’ अशा आशयाच्या संदेशातूनही प्रकट होते. फाईल प्रत्यक्षात निर्दोष असली, तरी वाचणारा ती पुसून टाकण्यास प्रवृत्त होतो.

बिटांचा हा भेद रायगड जिल्ह्यातील वाचकांना रेल्वेवरून समजावून घेता येईल. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. त्याच्या रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर आहे. पनवेल-रोहा मार्गाच्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. माथेरानचा डबा रोह्याच्या रुळांवर चालणार नाही. पण म्हणून डबा नादुरुस्त ठरत नाही आणि रूळही नाहीत. ३२ बिटांची लायब्ररी आणि ६४ बिटांची आज्ञावली यांचे नाते असेच असते. दोन्ही निर्दोष असूनही एकमेकांच्या उपयोगाच्या नसतात.

ही अडचण आताच अधिक का दिसते?

ऑफिस ही आज्ञावली ६४ बिटांच्या रूपात प्रथम २०१० च्या आवृत्तीपासून मिळू लागली. परंतु त्यानंतरही बराच काळ संगणकावर सामान्यतः ३२ बिटांचीच आवृत्ती बसविली जात असे. २०१९ पासून मात्र ६४ बिटांची आवृत्ती आपोआप बसते. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच येते. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि जुने संगणक बदलण्यास वेग आला. नवा संगणक आला, जुन्यातील तक्ते त्यावर उतरविले, पण दहा वर्षांपूर्वी करून घेतलेली पूरक आज्ञावली ३२ बिटांचीच राहिली, अशी स्थिती त्यामुळे सहज उद्भवते.

सुरक्षेचे नियमही दरम्यान कडक झाले. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो २०२२ पासून आणि तेथून आलेल्या एक्सएलएल फाईली २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने आपोआप रोखण्यास आरंभ केला. दुष्ट हेतूच्या आज्ञावली याच मार्गाने शिरत असल्यामुळे हा निर्बंध योग्यच आहे. मात्र तो ठाऊक नसल्यास आपली स्वतःची फाईलही बिघडली असे वाटते.

तपासाचा क्रम

पुढील पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या आहेत. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर आज्ञावली बंद करून पुन्हा उघडून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे गुण आला हे कळत नाही आणि पुढल्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

पहिली पायरी नोंदीची. संदेश जसाच्या तसा, क्रमांकासह, लिहून घ्यावा किंवा मोबाईलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. ‘काही तरी एरर आली’ एवढ्या माहितीवर कोणासही दूरध्वनीवरून साहाय्य करता येत नाही. त्याबरोबरच काल आणि आज यांच्यामध्ये काय बदलले, हे आठवावे. विंडोजची सुधारणा, नवा विषाणुरोधक, फोल्डरच्या नावातील बदल अथवा नवीन कर्मचाऱ्याचे नवे खाते यांपैकी काही तरी बहुधा घडलेले असते.

दुसरी पायरी व्याप्तीची. ही अडचण एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, एकाच कर्मचाऱ्याच्या खात्यात आहे की सर्वांच्या, हे पाहावे. एक्सेलमध्ये कोणत्या पूरक आज्ञावली चालू ठेवावयाच्या, याची यादी प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र असते. त्यामुळे एका शिक्षकाच्या खात्यात चालणारी आज्ञावली त्याच संगणकावर दुसऱ्या शिक्षकास दिसत नाही, हे स्वाभाविक आहे. सर्व संगणकांवर एकाच वेळी अडचण आली असेल, तर कारण बहुधा सामायिक जागेत, म्हणजे ज्या मुख्य संगणकावर फाईल ठेवली आहे तेथे किंवा त्याच्याशी असलेल्या जोडणीत असते.

तिसरी पायरी परवानगीची. एखाद्या पूरक आज्ञावलीमुळे एक्सेल पूर्वी बंद पडले असेल, तर ते तिला स्वतःच बाजूस काढून ठेवते. ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ या मार्गाने जाऊन खालच्या ‘मॅनेज’ या चौकटीत ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडून ‘गो’ दाबावे. तेथे आपल्या आज्ञावलीचे नाव असल्यास ती पुन्हा चालू करावी. त्याच चौकटीतून ‘एक्सेल ॲड-इन्स’ आणि ‘कॉम ॲड-इन्स’ या याद्याही उघडतात; नावापुढे खूण आहे ना, हे पाहावे. याउलट एक्सेलच मुळी उघडत नसेल, तर कंट्रोलची कळ दाबून धरून ते सुरू करावे. या रीतीने ते पूरक आज्ञावलींवाचून उघडते. असे उघडल्यास दोष मुख्य आज्ञावलीत नसून जोडणीत आहे, हे सिद्ध होते.

चौथी पायरी पत्त्याची. फाईल ज्या जागी आहे असे संगणकास सांगितले होते, तेथेच ती आहे काय? कोणी फोल्डरचे नाव ‘हिशेब’ऐवजी ‘हिशेब जुना’ असे केले, तरी पत्ता चुकतो. सामायिक संगणक उशिरा सुरू झाला किंवा जाळ्याची जोडणी तुटली, तरीही तोच परिणाम होतो. दुसऱ्या संगणकावरून आणलेल्या तक्त्यात सूत्राच्या आधी जुन्या संगणकाचा लांबलचक पत्ता दिसू लागला, तर ‘डेटा’ विभागातील ‘एडिट लिंक्स’ येथे जाऊन नव्या जागेची फाईल दाखवावी. सूत्रे एकेक करून पुसण्याची आवश्यकता नसते.

पाचवी पायरी प्रवेशबंदीची. ईमेल किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाईलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते. फाईलीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले असता खालच्या बाजूस ‘अनब्लॉक’ अशी चौकट दिसल्यास ती खूण आहे असे समजावे. फाईल कोणाकडून आली हे निश्चित ठाऊक असेल तरच ती चौकट निवडावी. अनेक फाईली एकत्र बांधून आल्या असल्यास त्या सोडविण्यापूर्वीच मूळ झिप फाईल मोकळी करणे श्रेयस्कर. पेनड्राईव्हने आणलेली फाईल एका संगणकावर चालते आणि ईमेलने आलेली तीच फाईल दुसऱ्यावर चालत नाही, या कोड्याचे उत्तरही येथेच आहे. पुष्कळ पेनड्राईव्हवरील साठवणीच्या पद्धतीत ही अदृश्य खूण टिकत नाही.

सहावी पायरी बिटांची. एक्सेलमध्ये ‘फाईल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ या मार्गाने गेल्यास वरच्या ओळीत ३२ बिट की ६४ बिट हे लिहिलेले असते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज ६४ बिटांचे असले तरी त्यावर ऑफिस ३२ बिटांचे असू शकते, आणि पूरक लायब्ररी जुळावयास हवी ती ऑफिसशी. विसंगती आढळल्यास त्याच कर्त्याकडून योग्य बिटांची प्रत मागवावी. फाईलीचे नाव बदलून उपयोग होत नाही. जुन्या मॅक्रोंमध्ये विंडोजच्या लायब्ररीस थेट हाक मारलेली असेल, तर ६४ बिटांच्या एक्सेलमध्ये ‘ही आज्ञावली ६४ बिटांसाठी सुधारली पाहिजे’ असा संदेश येतो. अशा ठिकाणी ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द घालून ते मॅक्रो काळजीपूर्वक सुधारावे लागतात व हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

सातवी पायरी सोबत्यांची. कित्येक लायब्ररी एकट्याने काम करीत नाहीत. त्यांना ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ किंवा ‘डॉट-नेट’ या नावाच्या पायाभूत फाईलींचा संच लागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्थळावर विनामूल्य मिळतो. संच निवडतानाही बिटांचा मेळ पाहिला पाहिजे. ३२ बिटांच्या लायब्ररीस ३२ बिटांचाच संच लागतो, मग विंडोज कोणतेही असो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘साइड-बाय-साइड’ या नावाने नोंद आढळली, तर असा संच नाही किंवा जुळत नाही असे समजण्यास हरकत नाही.

आठवी पायरी मॅक्रोंतील संदर्भांची. ‘प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही’ असा संदेश येऊन एखादे अगदी साधे, उदाहरणार्थ दिनांकाचे किंवा अक्षरे तोडण्याचे सूत्र ठळक केलेले दिसते. ते सूत्र निर्दोष असते. ऑल्ट आणि एफ११ या कळांनी मॅक्रोंचे दालन उघडून ‘टूल्स’मधील ‘रेफरन्सेस’ची यादी पाहावी. जिच्यापुढे ‘मिसिंग’ असे लिहिलेले असेल, ती लायब्ररी या संगणकावर नाही. ती आवश्यक असेल तर बसवावी, आणि अनावश्यक असेल तर तिच्यापुढील खूण काढावी.

ग्रामपंचायतीचे टोकन

पंचायत सदस्यांना वरील विवेचन दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु हेच दुखणे त्यांच्या कार्यालयात दुसऱ्या नावाने येत असते. केंद्र शासनाची ई-ग्रामस्वराज ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. ग्रामपंचायतीची देयके तिच्यामार्फत, सरपंच आणि सचिव यांच्या डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. ही स्वाक्षरी पेनड्राईव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये ठेवलेली असते. संगणकास ते टोकन वाचता यावे, म्हणून टोकनच्या उत्पादकाने दिलेली लायब्ररी संगणकावर बसवावी लागते, आणि स्वाक्षरी करणारी आज्ञावली ती ऐन वेळी उघडते. म्हणजेच येथेही एक मुख्य आज्ञावली, एक पूरक लायब्ररी आणि त्यांच्यातील मेळ असा तोच प्रश्न आहे.

टोकन ‘दिसत नाही’ असा संदेश आल्यास प्रथम टोकनबरोबर आलेली व्यवस्थापन आज्ञावली उघडून तीत प्रमाणपत्र दिसते काय, ते पाहावे. दिसत असल्यास टोकन व त्याची लायब्ररी ठीक आहे. दोष स्वाक्षरी करणाऱ्या आज्ञावलीत किंवा तिच्या बिटांत शोधावा. दिसत नसल्यास टोकन दुसऱ्या खाचेत घालून पाहावे, उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरून लायब्ररी पुन्हा बसवावी. प्रमाणपत्र दिसूनही स्वाक्षरी होत नसेल, तर त्याची मुदत संपली नाही ना, हेही पाहावे. दोन निरनिराळ्या उत्पादकांची टोकने एकाच संगणकावर वापरली जात असल्यास दोहोंच्या लायब्ररी बसविल्या आहेत याची खात्री करून घ्यावी.

येथे दोन धोके विशेषेकरून सांगितले पाहिजेत. लायब्ररीच्या दोषामुळे काम अडले असता संकेतशब्द चुकला असे समजून तो पुनःपुन्हा घातला जातो. ठरावीक संख्येपेक्षा अधिक चुका झाल्यास टोकन कुलूपबंद होते आणि मग मूळ अडचणीहून मोठी अडचण उभी राहते. दुसरे असे की, टोकन ‘इनिशियलाइझ’ करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. त्या क्रियेने आतील प्रमाणपत्र पुसले जाते आणि नवे मिळेपर्यंत देयके थांबतात. मजुरांची मजुरी किंवा पाणीपुरवठ्याच्या कामाचे देयक अशा कारणाने अडून राहणे, ही लहान गोष्ट नव्हे.

टोकन आणि संकेतशब्द दोन्ही संगणकचालकाकडे सोपवून निश्चिंत होण्याची प्रवृत्तीही योग्य नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी दक्षता घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. दुरुस्ती चालू असतानाही टोकनधारकाने जवळ उपस्थित राहावे.

कटाक्षाने टाळावयाच्या गोष्टी

घाईच्या वेळी केलेली दुरुस्ती पुष्कळदा मूळ दोषापेक्षा अधिक नुकसान करते. इंटरनेटवर फाईलीचे नाव शोधले असता ती सुटी डीएलएल फाईल ‘विनामूल्य’ देणारी अनेक स्थळे आढळतात. तेथून फाईल घेऊ नये. लायब्ररी ही निर्जीव नोंद नसून चालणारी आज्ञावली असते. जी फाईल आपण आत घेतो, तिला आपल्या हिशेबात आणि बँकेच्या व्यवहारांत वावरण्याची मुभा मिळते. शिवाय मूळ कारण बिटांचे किंवा प्रवेशबंदीचे असेल, तर अशा फाईलीने गुणही येत नाही. फाईल खरोखरच हरवली असेल, तर ज्या संचातून ती आली तो संपूर्ण संच त्याच्या कर्त्याकडून घेऊन पुन्हा बसवावा.

विषाणुरोधक बंद करून पाहणे किंवा ‘सर्व मॅक्रो चालू द्यावे’ हा पर्याय कायमचा निवडणे, हेही तितकेच घातक होय. एका फाईलीसाठी सर्व दरवाजे उघडे टाकण्यापेक्षा ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये एकच विश्वसनीय फोल्डर नेमावे आणि तपासलेल्या पूरक फाईलीच तेथे ठेवाव्यात. सामायिक संगणकावरील त्या फोल्डरमध्ये फाईली टाकण्याचा अधिकार एकाच जबाबदार कर्मचाऱ्याकडे असावा. रजिस्ट्रीतील नोंदी अनुभव नसता बदलू नयेत. कोणताही बदल करण्यापूर्वी हिशेबाच्या फाईलींची एक प्रत संगणकाबाहेर काढून ठेवावी. संशयास्पद फाईलीमुळे पैशांचा अपहार झाल्यास १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

एक साधी नोंदवही

कार्यालयात साठा नोंदवही असते, हजेरीपत्रक असते. पण कोणत्या संगणकावर कोणती पूरक आज्ञावली आहे, याची नोंद क्वचितच आढळते. प्रत्येक संगणकासाठी एक पान राखावे. त्यावर विंडोज व ऑफिसची आवृत्ती, ऑफिसचे बिट, पूरक आज्ञावलींची नावे व आवृत्त्या, त्या कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, कोणाकडून घेतल्या आणि मूळ संच कोठे ठेवला आहे, एवढे लिहावे. टोकनच्या उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्राची मुदत संपण्याचा दिनांकही त्याच पानावर असावा. संकेतशब्द मात्र कधीही लिहू नये. अडचण आली की दिनांक, संदेशाचा क्रमांक, आढळलेले कारण आणि केलेला उपाय यांची एकेक ओळ खाली भरावी. कर्मचाऱ्याची बदली झाली, पूरक आज्ञावली करून देणारा तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला, तरी ज्ञान कार्यालयातच राहील.

नवा संगणक घेण्यापूर्वी हे पान पुढे ठेवून विक्रेत्याशी बोलावे. आपली पूरक आज्ञावली ६४ बिटांत उपलब्ध आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वी विचारणे सोपे असते; खरेदीनंतर, ऐन हंगामात किंवा मार्चअखेरीस ते शोधणे जड जाते. शक्य असल्यास नवा संगणक काही दिवस जुन्याच्या शेजारी चालवून पाहावा आणि एक बिल, एक निकालपत्रक, एक स्वाक्षरी यशस्वी झाल्यावरच जुना बाजूस काढावा. पेणच्या कारखान्यांनी हे काम उत्सवाचा हंगाम सरल्यावर आणि ग्रामपंचायतींनी आर्थिक वर्षाच्या आरंभी हाती घ्यावे.

संगणकाचा संदेश हा निकाल नव्हे. ती केवळ एक तक्रार आहे. तक्रारीची चौकशी कशी करावी, हे आपल्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. पत्ता बरोबर आहे काय, प्रवेशाची परवानगी आहे काय, बिटांचा मेळ बसतो काय आणि सोबती हजर आहेत काय, हे चार प्रश्न शांतपणे आणि क्रमाने विचारले, तर अडलेले बिल आणि थांबलेले देयक पुष्कळदा त्याच दिवशी मार्गी लागेल आणि आपला हिशेब अनोळखी हातांत पडण्याचा धोकाही टळेल.